घर क्रमांक सतरा येथे वस्ती असल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
नगर गृहनिर्माण प्रोत्साहन अनुदान कक्ष,
बीड.

अर्जदार : बद्रीनाथ त्रिंबक सानप, वय ६६, सेवानिवृत्त स्लिप बॉय, रा. घर क्र. १६, ऊसतोड मजूर सहकारी गृहनिर्माण संस्था, निमखेड, जि. बीड.

विषय : आमच्या वसाहतीतील घर क्र. १७ 'निर्जन' ठरविल्याबाबत तक्रार, व त्या घरी समक्ष येऊन दाराची कडी वाजविण्याबाबत विनंती.

संदर्भ : १) आपल्या पाहणी पथकाची जानेवारीतील भेट.
२) घर क्र. १७ च्या दारावर चिकटविलेली नोटीस.
३) माझे यापूर्वीचे अर्ज. त्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

वरील विषयी सविनय सादर करतो की,

१. प्रथम माझी ओळख. आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना बंद पडेपर्यंत मी तेथे स्लिप बॉय होतो. कोणाच्या उसाला कधी तोड मिळणार त्याची चिठ्ठी घेऊन बांधाबांधाने फिरणे हे माझे काम. अठ्ठावन्नाव्या वर्षीही हुद्दा 'बॉय' हाच राहिला, आणि निरोपाचा नारळ हातात देताना चेअरमनसाहेब भाषणात 'आमचा जुना बॉय' असेच म्हणाले. मी हसलो, कारण नारळ घेताना हसायचे असते. हे सांगण्याचा हेतू एवढाच की कागद म्हणजे काय ते मला कळते. चिठ्ठीवर ऊस असतो आणि फडात नसतो, हेही मी पुष्कळदा पाहिले आहे.

२. शासनाच्या प्रोत्साहन योजनेचा नियम आपणास मी सांगावा असे नाही, पण तक्रार समजण्यासाठी लिहितो. जे गाव नव्या घरांना जागा देईल, परवानगी अडवून धरणार नाही आणि त्या घरांत माणसे नांदती ठेवील, त्या गावाला वाढीव अनुदान. आमच्या नगरपंचायतीने गावाबाहेरचे माळरान ऊसतोड मजुरांच्या संस्थेला दिले. चाळीस घरे उभी राहिली. दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यापुढे तुळशीचा कट्टा, सगळी एका छापाची. कट्टा नकाशातच होता, त्यामुळे घर क्र. १७ च्या श्रीमती आमिनाबी चाँद शेख यांनाही तो मिळाला. त्यांचे यजमान मरहूम चाँदभाई टोळ्यांबरोबर कारखान्यावर जात आणि ऊसगाड्यांची मोडतोड दुरुस्त करीत, म्हणून ते संस्थेचे सभासद. आमिनाबींनी कट्ट्यावर पाण्याचा माठ ठेवला आणि पाखरांसाठी एक वाटी. कोणाची हरकत नव्हती. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यातून रस्ता झाला, विजेचे खांब आले. दुसऱ्या हप्त्यातून पाण्याची पाइपलाइन व्हायची आहे, आणि ती गावाला किती हवी आहे हे मला कोणी सांगायला नको. माझ्याही घरात प्यायला टँकरचेच पाणी आहे. मात्र दुसरा हप्ता घरे बांधली म्हणून मिळत नाही, घरांत माणसे राहत असतील तर मिळतो.

३. आमच्याकडची एक पद्धत येथे नोंदविणे भाग आहे. घर बंद करून लांब जाताना किल्ली शेजारी ठेवायची आणि तुळशीला पाणी घालायला सांगून जायचे. तुळस कोणी बरोबर नेत नाही आणि कोणी वाळूही देत नाही. माझी पत्नी कै. साखराबाई हिने या वसाहतीत आमिनाबी सोडून प्रत्येकाच्या घरभरणीला आमच्या तुळशीच्या मंजुळांतून उगवलेले रोप दिले होते. "लेक दिलीय, जपा," असे म्हणून ती ओटी भरल्यासारखे रोप पदरात घालायची. तिला जाऊन तीन वर्षे झाली. गेल्या दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या तेव्हा दुष्काळामुळे म्हातारी माणसे आणि जनावरेसुद्धा बरोबर गेली. शेजारी म्हणून मागे दोनच घरे उरली, माझे आणि आमिनाबींचे. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे आला. पाडव्याला टोळ्या परत येतात. यंदा पाडवा झाला, कोणी आले नाही. गावात पाणी नाही, हाताला काम नाही, म्हणून कारखान्यावरूनच कोणी कर्नाटकात वीटभट्टीवर गेले, कोणी पुण्याला बांधकामावर गेले. आपली घरे कुलूपबंद ठेवून आमचे लोक दुसऱ्यांची घरे बांधत आहेत.

माझे गुडघे धरलेले असल्याने वेशीतल्या टँकरच्या रांगेत आमिनाबी उभ्या राहतात, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. त्या घागर कट्ट्यापर्यंत आणून देतात, तुळशीत पाणी मी घालतो. असे का, हे आम्ही कधी बोललो नाही. मला ताप आला होता तेव्हा मात्र त्यांनीच सगळीकडे पाणी घातले, आणि एकही रोप वाळले नाही.

४. जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, आपले पथक आले. नगरपंचायतीच्या उपाध्यक्षांनी माझ्या हातात हारांचे ताट दिले आणि बजावले, "दादा, तुमी निस्तं हुबं ऱ्हायचं. बोलायचं न्हाई." दारांना कुलपे पाहून पथकप्रमुखांनी माणसांची चौकशी केली. "कामाला गेलेत साहेब," असे उत्तर उपाध्यक्षांनी दिले, आणि ते खोटे नव्हते. कुठल्या कामाला, किती लांब, हे साहेबांनी विचारले नाही. त्यांचे लक्ष तुळशींकडे गेले होते. कट्ट्याकट्ट्यावर ओली माती आणि हिरवीगार तुळस. साहेब भल्या मनाचे होते. त्यांना आपली आई आठवली आणि ते सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "एवढ्या दुष्काळात तुळस हिरवी आहे, म्हणजे घरात बाईमाणूस नांदते आहे. याहून दुसरा पुरावा काय हवा!" तुळस असलेल्या एकूण एक बंद घरांपुढे 'वस्ती आहे' असा शेरा पडला.

त्या वेळी आमिनाबी वेशीत टँकरच्या रांगेत होत्या. त्याच तुळशींसाठी पाणी आणायला गेल्या होत्या. त्यांच्या दाराला कुलूप, कट्ट्यावर तुळस नाही, माठ रिकामा म्हणून पालथा घातलेला. तेवढ्यावर शेरा पडला, 'घर क्र. १७ निर्जन'. मी ताट खाली ठेवून "साहेब, तितं आमिनाबी ऱ्हातेत!" असे ओरडलो. तोवर गाडीच्या काचा वर गेल्या होत्या. थोड्या वेळाने आमिनाबी डोक्यावर घागर घेऊन आल्या आणि इतके हार कोणाला घातले म्हणून विचारू लागल्या.

५. मार्चमध्ये त्यांच्या दारावर नोटीस लागली. आमिनाबींना अक्षरओळख नाही, म्हणून मी ती मधल्या भिंतीवरून मोठ्याने वाचून दाखविली. सदर घरात कोणीही राहत नसल्याचे आढळून आले असून घराचे वाटप रद्द का करू नये, याचा खुलासा सदर घरात राहणाऱ्यांनी एप्रिलअखेर करावा, असा तिचा मजकूर आहे. मी दोनदा वाचली. मला वाटले माझीच काही चूक होते आहे. आमिनाबी भिंतीपलीकडे हात कोपरापर्यंत पिठात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मंग ह्ये ऐकायलंय कोन, भाऊ?"

प्रश्न रीतसर आहे. तो आपल्याकडे पाठवीत आहे.

६. हातच्या कांकणाला आरसा कशाला, या विचाराने मी आमिनाबींनाच नगरपंचायतीच्या खिडकीसमोर नेऊन उभे केले. खिडकीतले लिपिक म्हणाले, "बाई हाईत ह्ये दिसायलंय. पन त्या घरात ऱ्हातेत ह्ये कुटं दिसायलंय?" रहिवासाच्या दाखल्याला दोन शेजाऱ्यांच्या सह्या लागतात. माझी सही त्यांनी घेतली. दुसरा शेजारी कोठून आणू, असे मी विचारले. त्यांनी रजिस्टर उघडून दाखविले, "पंधरा नंबरला धोंडीराम हाय की. बायकोपोरं धरून घरीच हाय." धोंडीराम सहकुटुंब कर्नाटकात वीटभट्टीवर आहे, त्याच्या घराची किल्ली या माझ्या खिशात आहे, असे मी सांगताच त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मला हळू बोलायला सांगितले. रजिस्टरप्रमाणे धोंडीराम घरी आहे. मी दार नीट वाजविले नसेल, असे त्यांचे म्हणणे पडले.

महोदय, मी त्या दिवशी परत आल्यावर धोंडीरामच्या दाराची कडी वाजविली. किल्ली खिशात असताना वाजविली. थोडा वेळ थांबलो, मग त्याच्या तुळशीला पाणी घातले आणि घरी आलो.

७. यानंतर जे घडले ते मी कमीजास्त न करता लिहितो. नगरपंचायतीतल्या एका वजनदार गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सोपा मार्ग सुचविला, "अहो, येक कुंडी तिच्या दारात ठिवून द्या. कावून येवडा कागद काळा करता?" मला तो पटला, हे कबूल करतो. मी साखराबाईच्या तुळशीचे एक रोप कुंडीत लावून आमिनाबींच्या दारी घेऊन गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ठिवा की. सगळ्यांच्या तुळशीला पानी आणायले, तिला बी आणीन. पन भाऊ, झाड बगून मला घर देतेत अन् मला बगून देत न्हाईत, ह्ये कसं?" कुंडी मी परत आणली. ती माझ्या ओट्यावर आहे.

आता दुसरी पाहणी मे महिन्यात आहे. तोपर्यंत तुळशी हिरव्या राहाव्यात म्हणून नगरपंचायतीने वसाहतीत एक स्वतंत्र ड्रम मंजूर केला आहे. त्यावर तांबड्या रंगात 'फक्त तुळशीसाठी' असे लिहिले आहे. जो टँकर वसाहतीचा रस्ता अरुंद आहे म्हणून इतके महिने वेशीपुढे येत नव्हता, तो आता ड्रम भरायला थेट वसाहतीत येतो. ड्रम भरून झाल्यावर माघारी फिरून वेशीत थांबतो, आणि आमिनाबी आम्हा दोघांच्या प्यायच्या पाण्यासाठी त्याच्या मागे चालत जातात. दुष्काळात तुळशीला पाणी मिळते याचा मला आनंदच आहे, साखराबाईला तर फारच झाला असता. पण तहान माणसालाही लागते, आणि ती मंजूर व्हावी असा नियम आहे काय, ते कळवावे.

त्याच गृहस्थांनी, तुमाला त्या बाईचा येवडा कळवळा कावून, असेही हसत हसत विचारले. भोवतीचे हसले. मी सहासष्ट वर्षांचा आहे आणि आमिनाबी माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्या मला भाऊ म्हणतात. ज्यांना यात हसण्यासारखे दिसते त्यांनी दुसरा शेजारी होऊन आमच्यात राहायला यावे, घरे पुष्कळ रिकामी आहेत.

८. माझ्या तक्रारीने गावाचे नुकसान होईल, ही भीती खरी आहे. घर क्र. १७ ची फेरपाहणी झाली तर बाकीची कुलपेही कोणी उघडून बघेल, आणि दुसरा हप्ता थांबेल. म्हणून मी सभासदांना फोन केले. संस्थेचे चेअरमन शहादेव हे सध्या मुकादम म्हणून पुण्याकडे आहेत. ते चिडले. "दादा, येका म्हातारीपायी सगळ्या गावाचं पानी तोडता का? तिला पोराकडं जाऊ द्या की." आमिनाबींचा मुलगा पाशा पुण्यात मोटारींची कामे करतो, चांगला मुलगा आहे. त्या मागे त्याच्याकडे राहून आल्या आहेत. एका खोलीत सहा माणसे. "जीव लावनारी लई हाईत तितं," असे त्या सांगत होत्या, "पाय पसरायला जागा न्हाई."

धोंडीरामला फोन लागला तेव्हा मागे भट्टीवरची माणसे बोलत होती. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, माजं घर उगडून दावा सायबाला. आत काय हाय, दोन पोती अन् देवाचा फोटू. आमी पानी पडल्यावर येनारच हाव. पन तिचं घर गेलं तर ती कुटून यील?" असे बोलणारा तो एकटाच. बाकीच्यांनी नंतर माझा फोन उचलला नाही. पूर्वी संध्याकाळी कोणाकोणाचा फोन येई, दादा, आमची तुळस बरी हाय का, म्हणून. मी उगाच वाढवून सांगायचो, मंजुळा किती आल्या, फुलपाखरू कसे बसले होते. ते फोन आता येत नाहीत. तुळशी मात्र आहेत आणि त्यांना पाणी मी घालतो आहे.

९. पुढील मजकूर अर्जात लिहावयाचा नसतो. तरी लिहितो, कारण त्याशिवाय तक्रार पुरी होत नाही.

दिवस मावळला की या वसाहतीत दोनच दिवे लागतात. स्वयंपाक उरकला की आमिनाबी भिंतीपलीकडून हाक देतात, "बद्रीभाऊ, हाईत का?" मी म्हणतो, "हाय." मग त्या भांडी घासायला लागतात. रोजचे बोलणे एवढेच. दिवसभरात माझे नाव घेणारी ही एक हाक. तापात मी एकदा ओ दिली नाही तर त्या पुढच्या दाराने आत आल्या, इतक्या वर्षांत प्रथमच, आणि मला पाणी पाजून गेल्या. घर क्र. १७ ला संस्थेचे कुलूप लागले म्हणजे ही हाक बंद होईल. मग मी आहे किंवा नाही याची चौकशी या माळावर कोणी करणार नाही. रजिस्टरवर माझ्या भोवती अडतीस कुटुंबे असतील आणि मी मेलो तर ते तुळशींना कळेल, पाणी चुकले म्हणून.

मला विचारले गेले की तुमचा एवढा कळवळा का. माझा स्वार्थ आहे. मला एकट्याने राहायची भीती वाटते. अशी भीती लिहायला कोणत्याच कागदावर रकाना नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून ती येथे लिहिली.

१०. तरी विनंती की, आपण स्वतः एकदा निमखेडला यावे. आगाऊ कळवू नये, म्हणजे हार आणि ताट होणार नाही. सकाळी येऊ नये, तेव्हा आमिनाबी पाण्याच्या रांगेत असतात, दिवेलागणीला यावे. वाटेल त्या घराची कडी वाजवावी. तुळस पाहू नये, दाराआडून कोण ओ देते ते ऐकावे. जे बाहेरगावी गेले त्यांची घरे निर्जन ठरवू नयेत, ते पाऊस पडल्यावर येणार आहेत. त्यांना 'कामास गेले' असे लिहावे, तेच खरे आहे. पाइपलाइनचे पाणी ज्या गावाला हवे आहे त्याने ते दोन माणसांवर मागावे, अडतीस कुलपांवर मागू नये, आणि शासनाने दोन माणसांसाठीही ते द्यावे. दोन माणसांना पाइपलाइन देण्याचा नियम नसेल तर पाणी मागाहून येऊ द्यावे, आम्ही वेशीत उभे राहू. आमिनाबींना मात्र त्यांच्या घरी राहू द्यावे.

हा अर्ज शहादेव यांना समजेल आणि किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्या जातील. त्याची तयारी ठेवून, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आमिनाबींच्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून हा अर्ज लिहिला आहे.

आपल्या येण्याची वाट पाहणारा,
नम्र अर्जदार,

(सही)
बद्रीनाथ त्रिंबक सानप
घर क्र. १६

निमखेड,
दि. १८ एप्रिल २०१६

सोबत :
१) घर क्र. १७ च्या दारावरील नोटिशीची प्रत. मूळ नोटीस दारावरच आहे. आमिनाबी ती काढू देत नाहीत, साहेब आले तर त्यांना वाचायला लागेल म्हणतात.
२) रहिवासाच्या दाखल्याचा नमुना, एका शेजाऱ्याच्या सहीचा.
३) वसाहतीतील कुलूपबंद घरांच्या किल्ल्या, जुडगा एक. कृपया पाहणी होताच परत कराव्यात, घरे लोकांची आहेत. धोंडीरामच्या किल्लीला तांबडा दोरा बांधला आहे.
४) माझ्या घराची, क्र. १६ ची किल्ली. घर क्र. १७ मध्ये कोणी राहत नाही असेच आपले मत कायम राहिले, तर ही परत पाठवू नये.
५) घर क्र. १७ ची किल्ली जोडलेली नाही. ते घर उघडे आहे.